गुरुवारची गोळी

रुस्ताकच्या किल्ल्यामागे उजाडतं तेव्हा
मी जागी असते, बोटं नसतात.
पाऊण तास लागतो त्यांना उठवायला,
गरम पाण्यात, एकेकीला नावानं हाक मारून,
करंगळी सगळ्यात आळशी.

साडेआठला दुकान. हिरवा क्रॉस पेटतो
आणि काउंटरमागे मी, कुंदा पाष्टे,
अकरा वर्षं लोकांना सांगत आलेली:
जेवणानंतर घ्या. बरं वाटलं म्हणून सोडू नका.
लहान मुलांना उघडू नये असं केलेलं झाकण
मला उघडत नाही.
गिऱ्हाइकापुढे बाटली सरकवते,
म्हणते, बघा हं जरा, सील नीट आहे ना.

माझी गोळी आठवड्यातून एकदा, गुरुवारी रात्री.
त्या रात्री अन्नाचा वाससुद्धा नको होतो
आणि फोनवर आई खूश:
बरं केलंस बाई, गुरुवार धरलास.
मी नाही म्हणत नाही.
निर्गुंडीचा पाला तिनंच पाठवलाय संगमेश्वरहून.
मस्कतला कस्टमवाल्यानं पुडी हुंगली,
दोनदा शिंकला,
जा म्हणाला.

कडं तांब्याचं, थोरल्या दिरांनी दिलेलं;
मनगटावर हिरवी रेघ, दुसरा गुण नाही.
तेल बिंदुजाचं. चोळताना ती
माझ्या सांध्यांना मल्याळममध्ये रागावते
आणि ते ऐकतात थोडा वेळ.
शेजारची उम्म खलफान
रात्री वाटीत लोबान भिजत घालते,
सकाळी ते दुधाळ पाणी घेऊन दारात:
बिस्मिल्ला म्हण, आणि पी.
चव देवघरासारखी. पिते.
टोप्या भरते ती, सुईच्या अग्राएवढी भोकं,
आणि तिचीही बोटं माझ्यासारखीच
एका अंगाला कललेली, किनाऱ्यावरच्या सुरूंसारखी.

शुक्रवारी आम्ही ऐन अल-कस्फाला जातो.
बायकांच्या बाजूला, कढत पाण्यात पाय सोडून.
गंधकाचा तोच वास, तुरळच्या कुंडाचा,
आमच्या घरापासून कोसभर.
त्यात मी कधी बोटही बुडवलं नव्हतं.
काखेत कळसा म्हणतात तो हा;
माझा वळसा तेवढा समुद्राएवढा.

आता काळ्या गोळ्यांचं सांगते.
डब्यावर नाव नाही, कंपनी नाही,
नवऱ्याच्या मित्रानं दुबईहून आणलेल्या.
तिसऱ्या दिवशी मी वेणी घातली, स्वतःची स्वतः.
जिना धावत उतरले.
आत काय असणार ते मला कळत होतं,
माझ्याच फडताळात त्याची पाकिटं आहेत.
तरी घेतल्या. गुरुवार सोडला.
अडीच महिन्यांत तोंड पुरीसारखं फुगलं,
डबा संपला,
आणि मग गुडघ्यांनी व्याजासकट वसूल केलं.

डॉक्टर मुआविया सुदानचे. ओरडले नाहीत.
कोरा कागद पुढे केला:
आणखी काय काय घेता, सगळं लिहा.
पेन धरवेना. मी सांगत गेले, ते लिहीत गेले.
आई, मी म्हणाले. मग म्हटलं, नाही, पाला.
दीर. नाही, कडं.
बिंदुजा. उम्म खलफान.
त्यांनी एकाच ओळीवर काट मारली,
इतकी जोरात की कागद फाटला.
लोबानपुढे प्रश्नचिन्ह केलं, म्हणाले,
दर महिन्याला रक्त तपासू, मग बोलू.
बाकीच्यांपुढे काहीच नाही.
गुरुवार मात्र दोनदा अधोरेखित.

काल उम्म खलफाननं विचारलं,
तुझी सूज उतरली. कशानं गं?
माझ्या लोबाननं ना?
तिच्या मांडीवर अर्धी टोपी,
सुई त्याच भोकात तिसऱ्यांदा चुकत होती.
मी म्हटलं, रविवारी चल माझ्याबरोबर,
भला माणूस आहे, ओरडत नाही.
ती म्हणाली, आधी वाटी रिकामी कर.